शनिवारी मशीन बघायला

सकाळी साडेनऊला शाळेच्या ऑफिसात फोन वाजला. तळवलीच्या वाण्याच्या दुकानातून सुमन बोलत होती. "बाई, हिराबाय गेली," एवढंच म्हणाली. मी सवयीने विचारत सुटले. कधी, कशाने, करंजाड्याला त्यांच्या मुलीकडे निरोप गेला का, ती पोचेपर्यंत थांबणार ना. पहाटे झोपेतच गेल्या होत्या. निरोप द्यायला माणूस निघाला होता. मी रजेचा अर्ज लिहिला, पगारपत्रकाचं राहिलेलं काम शेजारच्या टेबलावर समजावून दिलं आणि वाशीहून बस पकडली. बसमध्ये तिकिटाच्या पाठीवर कोणाकोणाला कळवायचं ते लिहून काढलं. तोपर्यंत डोळ्यांत पाणी नव्हतं.

ते आलं आंघोळ घालताना. हिराबाई म्हात्र्यांचं अंग मी पहिल्यांदाच असं उघडं बघत होते. डाव्या भुवईवर आडवा व्रण, समोरचे दोन दात गेलेले, हे रोजचं होतं. पण उजवं मनगट वाकडंच जुळलं होतं, दंडावर उलथण्याचा चटका होता आणि पाठीवर, खांद्याच्या खाली, विळ्याने ओढलेली लांब बारीक रेघ होती. पाणी ओतणारी एक म्हातारी पुटपुटली, "नवरा तर हिचा देवमानूस व्हता." खरंच होता. लग्नानंतर नऊ वर्षांनी वारला, तोवर त्याने कधी हात उगारला नव्हता. त्या अंगावरची एकही खूण घरातली नव्हती. सगळ्या दुसऱ्यांच्या घरांतल्या होत्या, आणि कोणती कुठली ते मी सांगू शकत होते, कारण त्या घरांची यादी माझ्याकडे असायची.

आणीबाणी नुकतीच उठली होती तेव्हाची गोष्ट. आम्ही गिरगावातून वाशीच्या नव्या बिल्डिंगीत राहायला आलो होतो. आम्ही सातआठ जणींनी महिन्याला दहा-दहा रुपये काढून एक मंडळ सुरू केलं. ठाणे-बेलापूर रस्त्याकडेच्या गावांतल्या जमिनी कारखान्यांना आणि नव्या शहराला गेल्या होत्या. घरात नुकसानभरपाई आली आणि बहुतेक ठिकाणी दोन वर्षांत संपलीही. बायका मात्र काहीतरी विकून घर चालवू बघत होत्या. सुकी मासळी, भाजी, चहा, शिवण. त्यांना धंद्यापुरतं कर्ज द्यायचं आणि छोट्या हप्त्यांनी परत घ्यायचं, एवढंच आमचं काम. पगार कोणालाच नव्हता. मी चिटणीस होते. हिराबाई आमच्या पहिल्या कर्जदार. कारखान्याच्या फाटकाशी चहाची टपरी टाकायला त्यांनी स्टो आणि पातेली घेतली, सात महिन्यांत कर्ज फेडलं आणि आठव्या महिन्यात म्हणाल्या, "आता मना पन तुमच्यात घे."

लिहिता-वाचता येत नव्हतं. पण पहिल्याच बैठकीत त्यांनी आमची पद्धत बदलायला लावली. रोख द्यायचं नाही, म्हणाल्या, बाईबरोबर बाजारात जायचं आणि वस्तू घेऊन द्यायची. वस्तूवर लाल तेलरंगाची पट्टी मारायची. कर्ज फिटेपर्यंत वस्तू मंडळाची. "पैसा घरात शिरला का त्याला वास लागतो. तराजू कोन पिनार हाय?" आम्हाला हे फार हुशारीचं वाटलं. बुडीत कर्ज कमी होईल असं मी बैठकीच्या इतिवृत्तात लिहिलंसुद्धा. हिराबाईंच्या डोक्यात बुडीत कर्ज नव्हतंच, हे कळायला मला सहा वर्षं लागली.

सुमन हिराबाईंच्या गावची, तळवलीचीच. शिवणकाम बरं यायचं. तिला आम्ही जुनं पायमशीन घेऊन दिलं. तिचा नवरा दत्तू आधी भातशेती करायचा. जमीन गेल्यावर कधी कारखान्यात माल चढवायला जाई, बहुतेक वेळा जात नसे. तो सुमनला मारायचा हे सगळ्या आळीला माहीत होतं. पट्ट्याने मारायचा, केस धरून ओटीवरून खाली ओढायचा, एकदा तापलेल्या तव्यावर तिचा हात दाबला होता. शेजारी दारं लावून घेत. घरची गोष्ट, मध्ये कोण पडणार. हिराबाई तिला घेऊन पोलीस चौकीत गेल्या तेव्हा हवालदारही हेच म्हणाला.

एका संध्याकाळी दत्तूने मशीन उचलून अंगणात फेकलं. लोखंडी चाक तुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हिराबाई ते चाक डोक्यावर घेऊन माझ्या दारात उभ्या. "शिक्क्याचा कागद घे नि चल." चौकीत त्यांनी चाक हवालदाराच्या टेबलावर ठेवलं.

"हे काय?" हवालदार म्हणाला.

"मंडलाचा माल. दत्तूनी मोडला. नोंद करा."

"बाई, मागच्या खेपेला तर नवरा-बायकोचं सांगत होतात."

"ते घरचं हाय, तुमीच बोल्लात. मशीन घरची नाय. ईचारा या बायला."

मी कागद पुढे केला. मालमत्तेचं नुकसान, संस्थेचा शिक्का, चिटणिसाची सही. त्याला लिहून घ्यावंच लागलं. दत्तू दोन दिवस आत राहिला. चाक आम्ही नवीन बसवलं. त्यानंतर दर शनिवारी हिराबाई सुमनच्या घरी जायला लागल्या. काय काम, असं कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं. "मशीन बघाला."

मी एकदा बरोबर गेले होते. दत्तू ओटीवर बसला होता. "आली पोलिसीन," तो मोठ्याने म्हणाला. "काकी, तुझी मशीन मेली नाय अजून."

"मेली तर तुलाच खांदा द्याचा हाय," म्हणत हिराबाई त्याच्या पायावरून ओलांडून आत गेल्या. मशीनला हात लावला, न लावल्यासारखा. मग सुमनकडे बघितलं. मान, दंड, पाय, असं वरून खाली. चहा मागितला. तासभर बसल्या. निघताना तिच्या पाठीवर हात फिरवला, तेव्हा सुमन दचकते का तेही बघितलं. मला वाटलं, एक मशीन तपासायला तास कशाला लागतो.

अशी पाच घरं होती. घणसोलीतल्या एकीच्या दिराने त्यांचं मनगट तराजूच्या दांडीने मोडलं. चटका आणि विळा दुसऱ्या दोन घरांतले. प्लास्टर गळ्यात अडकवून त्या पुढच्या शनिवारी पुन्हा त्याच दारात. मारणाऱ्यांना अडचण एकच होती. ही बाई मंडळाची वस्तू बघायला येते, तिला नाही म्हणता येत नाही, आणि हिला मारलं की चौकीत लिहून घेतात.

आता माझी चूक. वर्षअखेरीला मी यादी काढली तेव्हा त्या पाचही खात्यांवर शेवटचा एक हप्ता शिल्लक होता. बारा रुपये, पंधरा रुपये. कोणाचा दोन वर्षं, सुमनचा तीन. मी हिराबाईंना विचारलं. "राहू दे गं," म्हणाल्या. मी म्हटलं, असं कसं राहू देणार, आपल्याला हिशेब तपासून घ्यावा लागतो. "देतील का नाय. घाई कनाला?" मला ती ढिलाई वाटली, वर आपल्या ओळखीच्यांनाच सवलत, असाही विचार आला. आज लिहायला लाज वाटते, पण आला होता. त्यांना वाटत राहिलं की मला सगळं समजतं, मी शिकलेली. मला वाटलं की त्यांना हिशेब समजत नाही.

हिराबाई लेकीच्या बाळंतपणाला करंजाड्याला गेल्या होत्या. त्या शनिवारी मी एकटी सुमनकडे गेले. म्हटलं, बारा रुपयांसाठी तुझं नाव यादीत लोंबकळत का ठेवायचं? तिच्याकडे होते आठ. चार मी माझ्या पर्समधून घातले, पावती फाडली आणि बाटलीतून नेलेल्या टर्पेंटाइनने मशीनवरची लाल पट्टी पुसून काढली. पुसताना मला बरं वाटत होतं.

"बाई," सुमनने विचारलं, "मंग आता हिराबाय येनार नाय का?"

"आता कशाला? आता मशीन तुझंच."

दत्तू दारात उभा होता. त्याने माझ्या हातातली पावती घेतली, मोठ्याने वाचली आणि मला प्यायला पाणी दिलं.

बुधवारी त्याने दाराला आतून कडी घातली. सुमनचा उजवा हात सुईखाली धरला आणि चाक फिरवलं. ओरडणं रस्त्यापर्यंत येत होतं. एरवी हिराबाईंच्या मागे उभे राहणारे चारसहा शेजारी जमलेसुद्धा, पण दत्तूने खिडकीतून पावती दाखवली. मशीन माझ्या घरचं, बायको माझ्या घरची, कोणाचं काय काम? ते पांगले. हिराबाई त्याच दुपारी करंजाड्याहून उतरल्या. टपरीवर कोणीतरी सांगितलं. पिशवी तिथेच टाकून त्या गेल्या, पाट्याच्या वरवंट्याने दाराची कडी तोडली. दत्तूने आतून मुसळ घातलं. पहिला घाव भुवईवर, दुसरा तोंडावर. त्यांनी मुसळ धरलं ते सोडलं नाही. दोघं त्यावरच ओढत अंगणात आले, हिराबाईंचं तोंड रक्ताने भरलेलं, आणि त्या सुमनला ओरडून सांगत होत्या, पळ, माझ्या घरात जा, कडी लाव. मग मात्र माणसं धावली.

हे सगळं मला संध्याकाळी दवाखान्यात कळलं. सुमनच्या उजव्या हाताची दोन बोटं नंतर सरळ झाली नाहीत. दत्तूला शिक्षा झाली ती हिराबाईंना मारलं म्हणून. सुमनच्या बोटांबद्दल कुठल्याही कागदावर एक ओळ नाही. सुटल्यावर तो गावात आला नाही.

हिराबाईंचा चेहरा सुजून डोळा बुजला होता. मी कॉटजवळ उभी. माफी मागायला वाक्य जुळवत होते. त्यांनी हाताने जवळ बोलावलं. तोंडातून शब्द नीट फुटत नव्हते.

"बाकीची चार... मिटवलीस?"

"नाही," मी म्हटलं. "सोमवारी जाणार होते."

त्यांनी डोळा मिटला. माझं मनगट धरलं, त्या वाकड्या हाताने. मग म्हणाल्या, "जाऊ नको." एवढंच. पुढे बारा वर्षं आम्ही एकत्र काम केलं, पण या विषयावर त्यांनी मला एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर सोपं गेलं असतं.

मंडळाने मग सुमनचं मशीन विकत घेतलं आणि तिलाच हप्त्यांवर दिलं. असा व्यवहार कागदावर दाखवायची कल्पना माझी. पट्टी मीच मारली. मशीन हिराबाईंच्या ओटीवर आलं, सुमन तीन बोटांनी कापड सरकवायला शिकली. शेवटचा हप्ता अजून शिल्लक आहे. तपासनीस दरवर्षी विचारतात, मी दरवर्षी प्रयत्न चालू आहेत असं लिहिते.

हिराबाईंचं तेरावं झालं त्या आठवड्यातल्या शनिवारी मी एकटी निघाले. सध्या तीन घरं आहेत. पहिलं रंजनाचं, तिला भाजीची हातगाडी दिली आहे. नवरा धिप्पाड, बनियनवर. मला बघून हसला. "ताई, गाडी भाईर उभी हाय. चाकं बघा, पट्टी बघा. घरात काय काम?" बरोबर बोलत होता. मी चाकं बघितली. चार. पट्टी बघितली. मग यादी काढून वाचली, हातगाडी एक, तराजू एक, वजनं पाच. "तराजू आत आहे," म्हटलं, आणि तो बाजूला होईपर्यंत उभी राहिले. झाला.

रंजना चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी शेजारी बसले. तिने मान वळवली नाही, पण कानामागून गळ्यापर्यंत निळं दिसत होतं. तो दारात उभा राहून म्हणाला, "किती वेल लागंल?"

"वजनं तपासायची आहेत," मी म्हटलं. "वेळ लागतो. तुम्ही बसा."

तो बसला नाही. मी तराजू ओढून घेतला, दोन्ही पारडी पदराने पुसली आणि पाच किलोपासून सुरुवात केली.