मिठाची मूठ

माझ्या सासूबाई चुलीजवळून नुसत्या कधी गेल्या नाहीत. झाकण उचलायचं, मूठभर मीठ टाकायचं आणि पुढे चालू लागायचं. आधी कुणी घातलंय का, हे विचारणं त्यांना कमीपणाचं वाटे. माहेरची खाडीकाठची मिठागरं. "मना मीठ शिकवतेस? मी मिठातच वाढलेली हाय गो!"

लग्न होऊन पालेगावच्या घरी आले तेव्हा पहिले सहा महिने मी खारट आमटीवरून रोज भांडले. त्या साफ नाकबूल करत. "मी नाय घातलं. तुजाच हात जड." शेवटी मी भांडणं सोडलं आणि मीठ घालणंही सोडलं. सासूबाई बदलणार नव्हत्या. आमटी बदलता येत होती. घर नीट जेवू लागलं.

ह्यांची कंपनी बंद पडली, तेव्हा मी अंबरनाथच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनसाठी अर्ज केला. दोघे साहेब घरी जेवून बघणार होते. हे काम मिळालं तरच घर चालणार होतं. सकाळीच मी बजावलं, "आई, आज मिठाला हात लावायचा नाही."

"नाय लावत," म्हणाल्या आणि ओटीवर जाऊन बसल्या. एकदाही आत डोकावल्या नाहीत.

मोठ्या साहेबांनी वालाची आमटी तोंडात घातली आणि थांबले. "बाई, मीठ विसरलात?"

विसरले नव्हते. घालायची सवयच गेली होती. सासूबाईंनी जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलं आणि मी तोंडघशी पडले.

त्या उठल्या. पातेल्यात मूठ सोडली, डाव फिरवला, चाखलंसुद्धा नाही. "सून रांधते, मीठ मी घालते. आमच्याकडं तशीच वाटनी हाय. आता जेवा."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं! साहेबांनी दोनदा आमटी मागून घेतली. काम आम्हाला मिळालं.

पुढे दहा वर्षं त्या रोज माझ्याबरोबर कॅन्टीनला आल्या. मीठ जरा चढंच असे. भट्टीवर घाम गाळून आलेली माणसं बोटं चाटत. "समदं मीच करते, ही नुसती ढवळते," असं त्या सगळ्यांना सांगत. मी ढवळत राहिले.

त्या गेल्या, आणि मी पहिल्यांदाच एकटी कॅन्टीनला आले. मिठात चमचा घातला, काढून बाजूला ठेवला आणि मूठ भरली. जेवताना एक फिटर ओरडला, "मावशी, आज मीठ जास्त पडलंय!"

"मी नाही घातलं," मी म्हटलं. "जेवा."