पॉझिटिव्ह आलं वं!

“अवं, पॉझिटिव्ह आलं! पेढे वाट!”

लकडगंजच्या दवाखान्यात रिपोर्ट फडकवत मी असा ओरडलो, की पार कळमेश्वरच्या म्हशी दचकल्या. पॉझिटिव्ह म्हणजे पास, एवढंच माझं इंग्रजी. बायकोचा गळा फुगून मंगळसूत्राची पोत रुतत होती आणि ऑपरेशनच्या धास्तीनं तिचं जेवण सुटलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी कागद हिसकावला. “काहून ओरडून राहिले? अँटीबॉडी पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरच स्वतःच्या थायरॉईडवर तुटून पडलंय. म्हणून तो सुजला. पण काम अजून बरोबर करतो. ऑपरेशन नको, सध्या गोळीही नको. सहा महिन्यांनी परत तपासू.”

म्हणजे पेढे लागूच होते! मी तिथंच नाचलो.

बायको म्हणाली, “मंग पोतीत चार मणी वाढवून आणा.”