वाकळंच्या राहिल्याल्या पट्ट्या

आमच्या मालकिणीनं, म्हंजे बायकूनं, चाळिशीत धाव्वीचा फारम भरला. मी तिसरीतच शाळेला रामराम केल्याला. मास्तरांनी बी आडवलं न्हाय. दुधाचा टेम्पो चालवतोय, तेवढीच माझी इद्या.

बाकीचं तिला जमायचं, बीजगणितात गाडी रुतायची. अ आणि ब ची बेरीज करून त्येचा वर्ग काढायचा, तर ही नुसतं अ वर्ग अधिक ब वर्ग ल्ह्यायची आणि चुकायची. वर्ग म्हंजे अक्षराच्या डोस्क्यावर बारका दोन. मला तर ती केसातली ऊच वाटायची. पेपरच्या आदल्या दुपारी तिनं पुस्तक मिटलं. म्हणाली, उद्या मी जात न्हाय, आपल्या पोरीएवढ्या पोरींत बसून नापास कोण हुणार.

मी म्हटलं, असूंदे, माझी वाकळ तरी वाढवून दे, पाय भाईर ऱ्हात्यात. ती म्हणाली, तुमीच शिवा.

शिवायला बसलो. वाकळ चौकोनी, लांबीरुंदीला सारखी. दोन्ही अंगांनी हातभर वाढवायची, म्हंजे हातभर लांब, हातभर रुंद तुकडा बास झाला, असा माझा हिशेब. जुन्या लुगड्याचा तेवढाच तुकडा फाडला आणि कोपऱ्याला टाचला. पांघरून बघतोय तर पाय भाईरच, आणि कोपऱ्याला म्हशीच्या कानागत चिंधी लोंबत्या.

ती हसली. लै दिसांनी हसली. मग एकदम तिनं वाकळ भुईवर पसरली.

"अवो, मी बी हेच करतीया की. ह्यो मोठा चौकोन अ वर्ग, तुमचा कान ब वर्ग. बाजूच्या दोन पट्ट्या कुठं हाईत?"

दोन पट्ट्या, अ एवढ्या लांब, ब एवढ्या रुंद. तिनं त्या फाडून लावल्या आणि वाकळ पुन्ना चौकोनी झाली.

मग तिला चेव आला. एक मोठा चौकोन, पाच पट्ट्या, सहा बारके तुकडे माझ्यापुढं टाकले. ह्येची एकच सलग वाकळ मांडा म्हणाली, भोक नको, शिल्लक नको. मी चार पट्ट्या एका अंगाला लावल्या, एक दुसऱ्या. कोपऱ्यात चार तुकडे बसले, दोन माझ्या हातात. तिनं हिकडं तीन, तिकडं दोन लावल्या. कोपऱ्यात सहाच्या सहा गच्च बसले.

"मोठ्या चौकोनाची बाजू क्ष, पट्टीची रुंदी एक. म्हंजे ही बाजू क्ष अधिक तीन, ही क्ष अधिक दोन. ह्यालाच अवयव पाडणं म्हणत्यात. काय कळलं?"

"तुला कळलं, एवढं कळलं."

ती पुस्तक उघडून बसली.

सकाळी टेम्पो लवकर रिकामा केला, तिला परीक्षेच्या शाळेत सोडलं आणि फाटकाभाईर पोरांच्या आयाबापांत हुबा ऱ्हायलो. कट्ट्यावरच्या एकानं इचारलं, "पावणं, पोरगी बसलीया व्हय?"

"न्हाय, पोरीची आई."

त्यो माझ्याकडं बघतच ऱ्हायला. मग जरा सरकला आणि सावलीत मला जागा केली.