मल्लव्वाच्या डब्यातली ओळ

भवानी पेठेत मल्लव्वाला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि ती जन्मभर नेमकं काय काम करायची हे सांगणारा सापडणं त्याहून कठीण. 'छापखान्यातली म्हातारी' एवढंच लोक म्हणतात. छापखाना बंद पडून तीस वर्षं उलटली, पण सत्त्याहत्तर वर्षांची मल्लव्वा अजून उलटी अक्षरं सुलट अक्षरांपेक्षा लवकर वाचते. सलूनच्या आरशात दिसणारी समोरच्या दुकानाची पाटी ती घडाघडा वाचेल, आणि मान वळवून खुद्द पाटीकडे बघितलं की जरा अडखळेल.

तिची अक्षरओळखच झाली छपाईच्या शिशाच्या खिळ्यांवर, एकेका खिळ्यावर एकेक उलटं अक्षर. नवऱ्यानं टाकलेली एकोणीस वर्षांची पोर वळसंगहून सोलापुरात आली तेव्हा कानडी बोलायची, मराठी समजायची, वाचता दोन्ही येत नव्हतं. 'सीनाकाठ' साप्ताहिकाच्या छापखान्यात तिला झाडलोटीला ठेवलं. झाडताना जमिनीवर सांडलेले खिळे सापडायचे. ते उचलून ती बरोबर त्या त्या अक्षराच्या खणात टाकायची. मालकीणबाईंनी, म्हणजे प्रभावती मोहोळकरांनी, चार दिवस हे पाहिलं आणि पाचव्या दिवशी विचारलं, "वाचता येतं तुला?"

"न्हाय."

"मग कुठला खिळा कुठे जातो ते कसं कळतं?"

"तोंड बघून. सारख्या तोंडाचं सारख्या घरात."

प्रभावतीबाईंनी तिच्या हातातला झाडू काढून घेतला आणि खिळे जुळवायला बसवलं. त्या दिवसापासून त्या तिच्या अक्का झाल्या.

अक्का म्हणजे काय चीज होती, हे आता सांगून पटायचं नाही. नवरा गेला तेव्हा पदरात दोन वर्षांचा मुलगा आणि परसात पायानं चालवायचं एक छपाईयंत्र. सासरच्यांनी यंत्र विकायला काढलं. बाईंनी ते विकू दिलं नाही. कचेरीत जाऊन स्वतःच्या नावानं कागद केले आणि एकसष्ट साली साप्ताहिक काढलं. बातमी त्या लिहायच्या, प्रुफं त्या तपासायच्या, आणि माणूस आला नाही तर यंत्रावर पायही त्याच मारायच्या. जिल्ह्यात तोवर कुठल्या बाईनं हे केलं नव्हतं. त्यांचे दीर चिंतामणराव दुपारी चहाला यायचे, ताज्या अंकात चार चुका काढायचे आणि कप तिथंच ठेवून जायचे. साप्ताहिकात त्यांचा वाटा काय तो एवढाच. पण अक्कांमागे ते बरीच वर्षं जगले, आणि सत्काराची शाल दिसली की खांदा पुढे करण्याची त्यांना सवय होती. मग कुणा हौशी इतिहासकारानं आपल्या जाडजूड ग्रंथात लिहून टाकलं: 'चिंतामणरावांनी वहिनींच्या नावे चालवलेले साप्ताहिक.' छापलं की लोकांना खरं वाटतं. छापखान्यातल्या माणसांना हे निराळं सांगायला नको.

अक्कांची नात सई कॉलेजात शिकवते. आजीच्या नावानं टपाल तिकीट निघावं म्हणून तिनं चार वर्षं अर्ज केले, कागद जोडले, फोन केले. सगळं जमत आलं आणि त्या ग्रंथाचं पान कुणीतरी दिल्लीला पाठवलं. लगेच पत्र आलं. प्रभावतीबाई स्वतः मुद्रक आणि प्रकाशक होत्या याचा पुरावा महिन्याभरात द्यावा, नाहीतर प्रस्ताव बंद.

खरं तर पुरावा प्रत्येक अंकावर होता. शेवटच्या पानाच्या तळाला बारीक टायपात एक ओळ छापावीच लागते, मालक कोण, मुद्रक कोण, प्रकाशक कोण. पण अंक कुठले आणायचे? घरचे वाळवीनं खाल्ले, गावातले शेंगाचटणीच्या पुड्यांना गेले. राहिल्या जुन्या वाचनालयातल्या सालवार बांधलेल्या फाइली. त्या बांधणाऱ्या बहाद्दरानं कडा सरळ दिसाव्यात म्हणून तळाशी असं पातं चालवलं होतं की प्रत्येक अंकाची ती ओळ वरच्या वर छाटली गेली. शिरोरेषा तेवढी उरली, आणि वेलांट्यांचे शेंडे. त्यावरून अंदाज बांधता येतो, पण दिल्लीला अंदाज चालत नाही.

महिना संपायला सहा दिवस उरले तेव्हा सई मल्लव्वाकडे आली. मदत मागायला नव्हे, मन मोकळं करायला. "आजी, बाईचं नाव पुसायला एक पातं पुरतं बघा," म्हणाली आणि रडायला लागली.

मल्लव्वानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ती ओळ व्हय? हाय की माझ्याकडं. मला कुणी इचारलंच न्हाय."

देवघरात शिवलिंगाशेजारी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. त्यात मऊ फडक्यात, सुतळीनं घट्ट बांधलेली, शिशाच्या खिळ्यांची एक ओळ होती.

बाकीचा मजकूर छापून झाला की खिळे सुटे करून आपापल्या खणात जायचे. ही ओळ मात्र दर आठवड्याला तीच, म्हणून अक्कांनी पहिल्या अंकाला जुळवली ती तशीच बांधून ठेवलेली असायची. मल्लव्वाला जुळारी होऊन जेमतेम महिना झाला होता तेव्हा ती तिच्या हातून फरशीवर पडली. अक्कांच्या नावातल्या 'व'च्या डोक्यावरची रेघ तुटली आणि 'ती'च्या वेलांटीचं टोक चेपलं. मालकिणीच्याच नावाला खोट आणली, आता वळसंगची वाट, असं समजून पोर कोपऱ्यात उभी राहिली. अक्कांनी ओळ उजेडात धरून पाहिली. म्हणाल्या, "राहू दे. नाव वाचता येतंय ना? मग झालं." खिळे बदलायला घरात होते, तरी त्यांनी ते कधीच बदलले नाहीत. मल्लव्वाला मात्र पुढची चोवीस वर्षं दर आठवड्याला ती फट दिसायची आणि दर आठवड्याला ती मनातून लाजायची.

छापखाना मोडीत निघाला त्या दिवशी अक्का म्हणाल्या, "मल्लव्वा, तुला हवं ते घे." लोकांना वाटलं, लोखंडी कपाट घेईल. तिनं ही ओळ उचलली. आपली चूक भंगारात दुसऱ्याच्या हाती नको, असं तेव्हा तिच्या मनात होतं. पुढे दर खंडेनवमीला ती डबा उघडून ओळ रॉकेलनं पुसायची, विभूती लावायची, फूल वाहायची. हत्याराची पूजा कुणी चुकवत नाही. म्हणून इतक्या वर्षांनीही अक्षरं स्वच्छ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सईनं बोलावल्यावरून वाचनालयात टपाल खात्याचे सुबोधराव आले. माणूस सज्जन, पण कागदाबाहेर पाऊल न टाकणारा. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "आजी, खिळे काय, कुणीही कधीही जुळवील. पुरावा कसा म्हणायचा?"

"तुमच्याकडं शिक्क्याची शाई हाय?" मल्लव्वानं विचारलं.

सुबोधरावांच्या पिशवीत शाईची गादी होतीच. मल्लव्वानं ओळ टेबलावर मांडली, शाई लावली, पातळ कागद पाण्याच्या हातानं ओलसर केला, ओळीवर पसरला आणि चमच्याच्या पाठीनं हळूहळू घासला. कागद उचलला आणि ओळ सुलट उमटली: 'हे साप्ताहिक मालक, मुद्रक व प्रकाशक प्रभावती मोहोळकर यांनी भवानी पेठ, सोलापूर येथे छापून तेथेच प्रसिद्ध केले.'

"आता फाइल उघडा. अडुसष्ट सालाची."

तिनं उमटलेल्या ओळीचा कागद शिरोरेषेच्या खाली बरोबर दुमडून फाइलमधल्या छाटलेल्या कडेला लावला. वरचे शेंडे फाइलमधले, खालची अक्षरं तिच्या कागदावरची. अक्षरं जुळली, मग घडी उलगडून तिनं कागदावरची रेघ फाइलमधल्या रेघेखाली धरली. एका जागी फाइलमधल्या रेघेत फट होती, कागदावरही तिथंच फट. पुढे वेलांटी चेपलेली होती, कागदावरही चेपलेली.

"दुसरं पान घ्या," मल्लव्वा म्हणाली. "सत्तर सालचं घ्या. ऐंशीचं घ्या. दर अंकात हीच फट घावंल. मी पाडलीया ती."

सुबोधरावांनी खिशातून भिंग काढलं. तास दीड तास ते एकेक पान लावून बघत होते. चाळीसाव्या पानाला त्यांनी भिंग खाली ठेवलं, खुर्चीवरून उठले आणि मल्लव्वाला वाकून नमस्कार केला. सईला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं. मल्लव्वाच्या छातीवरचा सत्तावन्न वर्षांचा धोंडा त्या टेबलावर उतरला. जी चूक लपवायला ओळ घरी आणली, तिनंच अक्कांचं नाव राखलं होतं.

दिल्लीनं पुरावा मानला. वर तिथल्या चित्रकाराला ती ओळ इतकी आवडली की अक्कांच्या चित्राखाली तीच घालायचं ठरलं. त्यानं सईला फोन करून विचारलं, नावात रेघ तुटलीय, ती जोडून घेऊ का? सईनं फोन मल्लव्वाच्या कानाला लावला.

"राहू दे," मल्लव्वा म्हणाली. "नाव वाचता येतंय न्हवं? मग झालं."

तिकीट निघालं त्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या ग्रंथाचे लेखकही आले होते आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करतो, असं भेटेल त्याला सांगत होते. अक्कांच्या तिकिटावरचा पडदा सरला, टाळ्या थांबेनात. सुबोधरावांनी तिकिटांचा पहिला कागद पाहुण्यांच्या आधी खाली उतरून मल्लव्वाच्या हातात दिला आणि वर आपलं भिंगही दिलं.

तिकिटावर अक्का यंत्रापाशी उभ्या होत्या, पदर खोचलेला, बोटं शाईनं काळी. मल्लव्वानं भिंग खाली सरकवलं. साप्ताहिकाच्या तीस वर्षांच्या अंकांत तिचं नाव एकदाही छापलं गेलं नव्हतं, जुळाऱ्याचं छापतच नाहीत. तिनं सईला जवळ ओढलं आणि बोटाचं नख तुटक्या रेघेवर टेकवलं.

"हितं बघ," ती म्हणाली. "ही मी."