वडिलांची कूस

बायकोला जाऊन वर्ष होत आलं. कपाटातली तिची नर्सिंगची मासिकं मी अजून कुणाला दिलेली नाहीत. त्यांतल्या एका लेखावर हळदीचा डाग आहे. ती नगरच्या इस्पितळात परिचारिका होती, मी हायस्कुलात शिक्षक. लांबलचक इंग्रजी वाक्यं आली की ती मला वाचायला लावी आणि पोळ्या लाटत ऐके.

तो लेख अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या रोग्यांच्या पाठीला होणाऱ्या जखमांबद्दल होता. परदेशातल्या परिचारिकांनी निरनिराळी औषधं लावून पाहिली होती. काय लावलं यानं फारसा फरक पडला नव्हता. ज्यांची कूस वेळच्या वेळी बदलली, त्यांची कातडी टिकली होती.

तिचं लाटणं थांबलं. "मग आम्ही इतकी वर्षं स्पिरिट चोळतोय ते? पुन्हा वाचा बरं."

त्याच उन्हाळ्यात, दुष्काळाच्या वर्षी, कर्जतजवळच्या आमच्या गावी वडिलांच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू गेली, बोलणं तेवढं राहिलं. आम्ही रजा काढून पोहोचलो तेव्हा त्यांच्या माकडहाडावर लाल चट्टा उठला होता आणि आई त्यावर तेल रगडत होती. वडिलांचा थोरला भाऊ असाच पडून असताना पाठ फुटून, कुजून गेला होता. शेवटी त्याच्या खोलीत कुणी जाईना.

"मराचं भ्या न्हाई," वडील मला हळूच म्हणाले. "पर तसं न्हाई मरायचं."

सुनेनं सासऱ्याच्या अंगाला हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे ती डोक्यावरचा पदर धरून, दाराकडे तोंड करून उभी राहिली आणि तिथून मला सांगू लागली.

"खांदा आणि कंबर एकदम. ओढू नका, उचला. ओढलं की कातडी सोलते."

"तुला तिकडून काय दिसतंय?"

"गोधडी वाजली ना."

वडील वैतागले. "मी काय भाकर हाय का, सारखी उलथायला?"

"भाकरीसुद्धा एकाच अंगावर ठेवली तर करपते, मामा," ती दाराकडे बघतच म्हणाली.

वडील हसले. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, तरी हसू कळलं.

घरात घड्याळ नव्हतं. बंडिंगच्या, म्हणजे बांध घालायच्या दुष्काळी कामावरची माणसं निघाली की एक कूस, नगरची एस्टी गेली की दुसरी, अशा खुणा तिनं दिवसभरासाठी ठरवून दिल्या. आईचं तेल तिनं बंद केलं नाही. "हातापायांना लावा, आत्याबाई. लाल जागेवर तेवढं नको." त्या जागी बोट दाबून उचललं आणि चट्टा पांढरा पडून पुन्हा लाल झाला, तर समजायचं की कातडी अजून जिवंत आहे, हेही तिनं आईला शिकवलं. मग आई रोज बोट दाबून अंगणात ओरडे, "झाला गं पांढरा!"

"गुण येईल ना?" मी तिला विचारलं होतं.

"मासिकात त्यांचे रोगी होते. आपल्या मामांचं आपल्यालाच बघायला लागेल."

चट्टा गेला नव्हता तोच माझी रजा संपली. तिची अजून होती. निघायच्या सकाळी आईनं एकटीनं वडिलांना वळवून पाहिलं. तिला ते जमेना.

"सूनबाई, आत ये," वडील म्हणाले. "पाठमोरी किती दिस उभी राहशील? लेकच हायेस माझी."

ती आली. पदर खोचून तिनं त्यांच्या खांद्याखाली हात सरकवला. वडिलांनी डोळे मिटून घेतले. ते अलगद वळले; गोधडी वाजली नाही. तेवढ्यात एस्टीचा हॉर्न ऐकू आला आणि मी पिशवी उचलली.

ती नगरला परतली तोवर चट्टा फिका पडला होता आणि एकटीनं वळवायची युक्ती आईच्या हातात बसली होती. वडील पुढे काही वर्षं जगले. पाठ फुटली नाही.

गेल्या वर्षी तिलाच अंथरूण धरावं लागलं. कूस मी बदलत असे. माझे हात आता थरथरतात. एकदा चादर वाजली, तर डोळे न उघडता म्हणाली, "ओढलंत."

ती गेली त्या सकाळी बायकांनी तिला आंघोळ घातली. मी दाराबाहेर पाठमोरा उभा होतो. माझी बहीण ओल्या हातांनी बाहेर आली आणि माझ्या खांद्याला धरून म्हणाली, "दादा, वहिनीच्या पाठीला साधा चट्टासुद्धा नाही रे."