निशवाल्याचे मिक्सिंग

स्रेत्को मानिच आणि तिका मिस्त्री यांची पहिली भेट झाली त्या दिवशी सर्बियातल्या पिरोत गावच्या बाजारातले सगळे दूध नासले, तीन गल्ल्यांतल्या कोंबड्यांनी अंडी देणे बंद केले आणि चर्चच्या घड्याळाने साडेदहालाच बाराचे टोल दिले, असे स्रेत्को अजूनही शपथेवर सांगतो. यातले कोंबड्यांचे तरी खरे असावे. त्या वेळी तिकाच्या चेहऱ्यावर जी किळस उमटली, ती पाहिल्यावर अंडे द्यायची इच्छा कुठल्याच प्राण्याला उरली नसती.

घडले ते एवढेच. धुलाईयंत्राची जळालेली मोटर घेऊन स्रेत्को तिकाच्या दुकानी गेला होता. जळालेल्या मोटरींना नवी तार भरून देणे हा तिकाचा धंदा. आत दुसरे गिऱ्हाईक होते, म्हणून स्रेत्को दारातच लावलेल्या आपल्या गाडीत बसला आणि गाडीच्या स्पीकरवर आपल्या बँडचे नवे गाणे ऐकू लागला. बँडचे नाव 'लोखंडी लाळ'. चाळिशी उलटलेले चार पोट सुटलेले गृहस्थ मिळून हेवी मेटल संगीत वाजवत. गाणे स्रेत्कोने घरातच, लोणच्याच्या कोठीत रेकॉर्ड केले होते आणि सगळ्या वाद्यांचे आवाज जुळवून मिक्सही त्यानेच केले होते.

दुसऱ्या कडव्याला तिका बाहेर आला. वय सहासष्ट. तारुण्यातली बावीस वर्षे त्याने लग्नांतल्या ब्रास बँडचे लाउडस्पीकर लावण्यात घालवली होती, आणि तेव्हापासून त्याच्या घरात शीळ घालायलाही बंदी होती. सुपाच्या वाडग्यात कुणाचा तरी दात सापडावा तसे तोंड करून तो गाडीशी उभा राहिला.

"हे कुणी करून दिलं तुला?"

हा प्रश्न त्या मुलखातला प्रत्येक कारागीर विचारतो. प्लंबर नळाकडे बघून विचारतो, दंतवैद्य दाढेतल्या सिमेंटकडे बघून विचारतो. आधीच्याची अब्रू काढल्याशिवाय तिथे कुणी पान्याला हात लावत नाही. प्रश्नाचे उत्तरही ठरलेले असते: जो समोर नाही असा कुणीतरी. स्रेत्को सतरा वर्षे पाणीपुरवठा खात्यात नोकरीला होता, दोन मुलींचा बाप होता, दाढी छातीपर्यंत आली होती. तरी त्याची बोबडी वळली.

"निश शहरातला एक जण आहे," तो म्हणाला.

"वाटलंच," असे म्हणून तिका बाजूला थुंकला. "गिटारी आणि बेस एकाच टबात आंघोळीला बसलेत, आणि वर पाणी कालचंच. ड्रम आहे की ओला टॉवेल? आणि हा ओरडणारा, याला आधी विहिरीतून वर काढा. परत ढकलायचा का, ते मग बघू."

स्रेत्कोला खरे तर राग यायला हवा होता, पण तो घाईघाईने पेन शोधू लागला.

त्याला कारण होते. बँडच्या आधीच्या दोन्ही रेकॉर्ड त्यानेच मिक्स केल्या होत्या, आणि त्या ऐकून लोक हवापाण्यावर बोलू लागत. ड्रम वाजवणारा ग्वोझ्देन पेशाने बेकर, त्यामुळे बोलण्यात मोजूनमापून. त्याने सांगून टाकले होते की नोव्हेंबरात मित्रोव्दानच्या सणापर्यंत या नव्या गाण्याची ही तिसरी रेकॉर्ड ऐकण्याजोगी झाली नाही तर मिक्सिंगचे काम बाहेरच्या माणसाकडे जाईल. स्रेत्कोने मग नुसती गिटार वाजवावी. स्रेत्कोची मालकी जगात एकाच जागेवर चालत होती, ती म्हणजे ती कोठी, आणि तीही जाणार होती.

लोकांची मते त्याने घेतली नव्हती असे नाही. रविवारी ओळखीपाळखीच्यांना घरी बोलावी. बायको रुझा आधी भाजलेल्या मिरच्या, चीज आणि राकिया, म्हणजे आलुबुखाराची दारू, मांडे, आणि मग गाणे लागे. यजमानाची मिरची तोंडात असताना गाणे वाईट म्हणणारा माणूस पिरोतमध्ये जन्मायचा आहे. सगळे मान डोलवत, बोटे चाटत, "जबरदस्त रे भावा" म्हणत. त्या कौतुकाचीच स्रेत्कोला शिसारी येऊ लागली होती. कुठेतरी काहीतरी कुजले आहे हे त्याला कळत होते. कुठे, ते सांगायला कुणी तयार नव्हते.

त्या संध्याकाळी त्याने गिटारींचा खालचा जाड आवाज कापला. टबात एकदम जागा झाली. गायकाभोवतीचा सगळा घुमारा काढला. गायक दालिबोर गुरांच्या दवाखान्यात मदतनीस होता. विहिरीतून बाहेर आल्यावर त्याच्या घशातला कफ इकडून तिकडे सरकताना स्पष्ट ऐकू येऊ लागला. ऐकणाऱ्याला आवंढा गिळावा लागे, पण त्या गाण्याला पहिल्यांदाच भीती वाटण्याजोगे काहीतरी आले होते.

मग दर गुरुवारी दुरुस्त केलेले गाणे घेऊन स्रेत्को तिकाच्या दारात गाडी लावू लागला. तिका हात पुसत येई, ऐके, थुंके आणि निशवाल्याच्या सात पिढ्या उद्धरी. हळूहळू स्रेत्कोलाही त्यात चव लागली. निशवाला सूर्यफुलाच्या बिया चावत काम करतो, हे त्याने आपल्या पदरचे घातले. तो कीबोर्डवरच नखे कापतो, हेही घातले. त्याच्याकडे एक केस गळणारे मांजर असून ते स्पीकरवर झोपते, हे ऐकल्यावर तर तिकाने त्या दिवशी जेवण टाळले.

घरी स्क्रीनसमोर बसल्यावर स्रेत्को स्वतःशीच पुटपुटू लागला, "काय घाण करून ठेवलीय या माणसाने." आणि त्वेषाने निस्तरू लागला. आपल्याच डोक्याचा केस ताटात निघाला तर माणूस तो बाजूला काढून जेवत राहतो. दुसऱ्याचा निघाला की ताट ढकलतो. स्रेत्कोने वीस वर्षे आपलेच केस बाजूला काढले होते. आता ते निशवाल्याचे निघत होते.

सहाव्या गुरुवारी तिकाने डोळे मिटून कान गाडीच्या दाराला लावला. "इथं कुठंतरी झाकण वाजतंय," तो म्हणाला. स्रेत्को म्हणाला, शक्यच नाही. तिका म्हणाला, मी मोटरीतला सैल छर्रा रस्त्यावरून ओळखतो, मला शिकवू नकोस.

कोठीच्या फळ्यांवर आयवारच्या, म्हणजे भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीच्या, ऐंशी बरण्या होत्या, शेजारी आंबलेल्या कोबीचे पिंप. स्रेत्को बेसची एकेक तार छेडत बरण्यांवर हात ठेवत गेला. चौथ्या फळीवर मागल्या वर्षीची एक बरणी थरथरली. झाकण फुगले होते. त्याने ते उघडले, आणि आतल्या हिरव्या केसाळ थराने असा वास सोडला की शेजारच्या कोबीचे पिंप अत्तराचे वाटावे. रुझाने बरणी काठीला बांधून बाहेर नेली. स्रेत्कोने नाकाला फडके लावून बेस पुन्हा वाजवला.

एकोणिसाव्या मिक्सला तिका गाडीत जाऊन बसला. तीनदा ऐकले. थुंकला नाही.

"आता माणसाच्या हातचं वाटतं," तो म्हणाला. "गाणं अजून किळसवाणं आहे. पण आता ती किळस गाण्याची आहे, त्याच्या हाताची नाही. शिकला बरं का तुझा निशवाला."

एवढे ऐकायला स्रेत्को वीस वर्षे थांबला होता. त्याच्याने राहवले नाही. "मिस्त्री, निशवाला कुणी नाहीच. हे मीच केलं."

तिकाच्या चेहऱ्यावर पहिल्या दिवशीची किळस परत आली.

"लाज वाटू दे, बाळा. चार महिने तो बिचारा माझ्या शिव्या खाऊन मुकाट्यानं काम करतोय. आणि आता चांगलं झालं तर तू त्याच्या खुर्चीत बसतोस?"

स्रेत्कोने परोपरीने सांगितले. बिया खोट्या, नखे खोटी, मांजरसुद्धा खोटे.

"म्हणजे चार महिने खोटं बोललास," तिका म्हणाला. "मग आजचं खरं कशावरून?" आणि हात पुसत आत निघून गेला.

मित्रोव्दानच्या तीन दिवस आधी बेकरीतल्या कणीक मळायच्या यंत्राची मोटर जळाली. ग्वोझ्देन ती घेऊन तिकाकडे गेला आणि त्याच्याकडून निशवाल्याचे सगळे ऐकून तडक स्रेत्कोकडे आला. तो चिडलेला नव्हता, उलट सुटका झाल्यासारखा दिसत होता. त्याने गाणे ऐकले, उत्तम म्हणाला आणि निशवाल्याचा नंबर मागितला. स्रेत्कोने त्याला एकोणीसच्या एकोणीस फायली तारखांसकट दाखवल्या. ग्वोझ्देनने त्या शांतपणे पाहिल्या.

"भावा, सव्वीस वर्षं ओळखतो तुला," तो म्हणाला. "तुला हे येत असतं, तर आधीच्या दोन रेकॉर्ड तशा का केल्यास?"

"तेव्हा तुम्ही मिरच्या खात होतात," स्रेत्को म्हणाला.

ग्वोझ्देनला त्याचा अर्थ लागला नाही, आणि स्रेत्कोला स्वतःच्याच थापांची इतकी किळस आली होती की त्याने तो उलगडूनही सांगितला नाही.

एकोणिसावे मिक्स जसेच्या तसे रेकॉर्डवर गेले. वेष्टनावर 'मिक्सिंग: निश' असे छापावे, त्याने वजन येते, असे ठरले. बाजूने तीन मते पडली, विरुद्ध एक. रेकॉर्ड मे महिन्यात निघाली. पुढची रेकॉर्ड बँडने निशमधल्या एका स्टुडिओला दिली. स्रेत्को त्यात फक्त गिटार वाजवतो.