मोरिता-सान आणि गुरुगृहीचा झाडू

आता माझी अक्कल किती, ते सांगतोच तुम्हाला. पण चहा संपेपर्यंत कुणी हसायचं नाही, कबूल?

आम्ही तेव्हा जपानमध्ये, निशी-कसाईत राहत होतो. सहा महिने वाट पाहून सईला, म्हणजे आमच्या लेकीला, पाळणाघरात जागा मिळाली आणि नेमकं तेव्हाच माझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं. ते वाढवणं क्लायंटच्या मोरिता-सानांच्या हातात. साठीचा, कडक शिस्तीचा माणूस. टायसुद्धा पट्टी लावून बांधत असावेत! भीत भीत विचारलं, तर दातांतून हवा ओढून म्हणाले, "मुदतवाढ... जरा..."

संपलं! जपानी माणसाचं वाक्य 'जरा'वर लटकलं की साफ 'नाही' समजायचं. आता बोचकी बांधून पुण्याला परत जायचं, या विचाराने माझी झोपच उडाली.

मग कळलं, की मोरिता-सान ऑपेराचे भक्त आहेत. एकोणिसाव्या शतकातला एक इटालियन संगीतकार म्हणजे त्यांचं दैवत. दुसऱ्याच दिवशी कॅन्टीनमध्ये मी मस्का लावला. "त्यांच्याबद्दल मी खूप वाचलंय. मीही संगीत शिकलोय ना!"

शिकलो होतो हो. पुण्यात, पेटी. दोन परीक्षा दिल्या, दुसरीत नापास.

"वा! मग रविवारी आमच्या मंडळात त्यांच्या संगीतशिक्षणावर पंधरा मिनिटं बोला."

घ्या! नेटवरून चाळीस पानं छापून आणली. पहिलं पान वाचलं आणि बाकीची रविवारी सकाळी वाचू म्हणून ठेवून दिली. कुठे? वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर!

"मृणाल, माझे कागद कुठायत?" रविवारी मी बायकोला विचारलं.

"ते होय? काल रद्दीचा दिवस नव्हता का? सुतळीनं छान बांधून खाली ठेवले. गाडी घेऊन गेली."

"अगं, आपली भाकरी होती ती!"

"मग रद्दीवर कशाला ठेवलीस?"

तसाच मंडळात गेलो. समोर दहा आजी-आजोबा, प्रत्येकाच्या हातात वही. "संगीतकार एका खानावळवाल्याचे चिरंजीव. मोठ्या संगीतशाळेनं त्यांना प्रवेश नाकारला," मी म्हणालो आणि माझं पान संपलं. अजून चौदा मिनिटं बाकी!

तेव्हा मला आमचे पेटीचे सर आठवले आणि ते सांगायचे त्या त्यांच्या गुरूंच्या गोष्टी. दिलं ठोकून!

"मग ते गुरूंच्या घरी राहिले. तीन वर्षं एक सूर लावू दिला नाही. नुसती झाडलोट, पाणी भरणं, गुरूंचे पाय चेपणं. चेपता चेपता जे कानावर पडेल, तेच शिक्षण! आणि मग एका शुभ दिवशी गुरूंनी मनगटावर गंडा बांधला!"

इटलीत! गंडा! पण माझ्या जिभेला ब्रेकच लागेना. दहा पेन्सिली सरसर चालत होत्या.

मोरिता-सानांनी तर रुमालच काढला. "आमच्याकडेही शिष्य आधी अंगण झाडतो. मी वीस वर्षं गाणं शिकतोय, पण कधी झाडलंच नाही. तरीच सूर लागत नाही! आपणही असेच शिकलात?"

"असाच," मी म्हणालो. नको तिथे नम्र होणं माझ्या स्वभावातच नाही.

सोमवारी मुदतवाढ मिळाली. चक्क तीन वर्षं! आनंदाच्या भरात, तीनच का, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी नऊला बेल वाजली. दारात मोरिता-सान. अंगात एप्रन, हातात कोरा झाडू.

"सेन्सेई," गुरुजींना म्हणावं तसं कमरेत वाकून ते म्हणाले, "आजपासून तीन वर्षं."

हातापाया पडलो, ऐकेनात. क्लायंट माझं घर झाडतोय, आणि मी काय करतोय? शिष्याच्या कानावर काहीतरी पडायला नको? म्हणून सोफ्यावर बसून 'सा' लावतोय. सई कानात बोटं घालून बसलीये. मृणाल मात्र खूश. "तीनच कशाला सांगितलीस रे? बारा सांगायची!"

चौथ्या रविवारी मोरिता-सान झाडून झाल्यावर माझ्यासमोर गुडघे टेकून बसले. दातांतून हवा ओढली.

"सेन्सेई, झाडायला मी तीन वर्षं येईन. खिडक्याही पुसेन. पण आपलं गाणं... जरा..."